आधी काट्यावर घ्या

बारामती तालुक्यातल्या आमच्या सोमेश्वरनगरात उसाची ट्रॉली काट्यावर चढली की मालकाची नजर आकड्यावरून हलत नाही. शंभर किलो कमी दिसले तर माणूस अर्धा चहा टाकून भांडायला उठतो. भरला काटा, रिकामा काटा, पावती, पावतीवरची वेळ, यातलं सगळं आम्हाला कळतं. काटामारी हा शब्द अख्ख्या ऊसपट्ट्यात शिवीसारखा वापरतात. आणि त्याच आमच्या माणसांसमोर परवा एक पोरगं लॅपटॉपवर स्वतः ‘बनवलेलं’ विमान घेऊन बसलं. दहा-बारा जणांनी ते स्क्रीनवर गोल फिरताना पाहिलं, टाळ्या वाजवल्या, सत्काराची तारीख काढायची गोष्ट निघाली. विमानाचं वजन किती, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

मी विचारलं. तेव्हापासून पोरांचा उत्साह मारणाऱ्या म्हाताऱ्यांत माझी गणना होते. होऊ दे.

विमानाबद्दल बोलायची तुमची लायकी काय, असाही सवाल आला आहे. लायकी एवढीच, की मी आयटीआय झालेला ड्राफ्ट्समन. उमेदीची वर्षं ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर सरकवण्यात गेली, मग संगणकावर तेच काम केलं, आता छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, नांगर, सरी रेझर, लोक सांगतील ते. विमान मी बनवलेलं नाही आणि बनवणारही नाही. पण पत्रा कसा वाकतो आणि ड्रॉइंग कसं खोटं बोलतं, हे मला अंगावर आलेल्या खर्चामुळं ठाऊक आहे.

तर पोराचं विमान. दोन माणसांचं, वर पंख, शेपटीवर तिरंगा, नाकावर ‘सोमेश्वर प्रसन्न’. सावली पडलेली, काच चमकणारी, टायरवर धूळसुद्धा. दिसायला देखणं, हे कबूल.

“वजन किती रे?”

“काका, सॉफ्टवेअरच सांगतंय की. २१२ किलो.”

“सगळं धरून?”

“सगळं.”

“इंजिन?”

“ते अजून टाकलं नाय.”

“पत्रा कसला?”

“अ‍ॅल्युमिनियम.”

“तसं ह्याला सांगितलंस का?”

पोरगं गप्प झालं. तिथंच सगळं आलं.

ज्यांनी ही सॉफ्टवेअर वापरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्रिमितीय मॉडेल काढलं की एक बटण दाबून वजन निघतं. पण वजन म्हणजे घनफळ गुणिले घनता. घनफळ सॉफ्टवेअर मोजतं, घनता तुम्ही सांगायची असते. सॉलिडवर्क्ससारख्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये साहित्य कोणतं ते सांगितलंच नाही, तर ते घनमीटरला १००० किलो धरून मोकळं होतं. म्हणजे पाणी! अ‍ॅल्युमिनियम घनमीटरला सुमारे २७०० किलो. या पोरानं पाण्याचं विमान बनवलं होतं आणि टाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या विमानाला पडल्या. संगणकानं फसवलं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, आणि ते शेवटच्या ग्रॅमपर्यंत दिलं. नेमकं हेच घातक आहे. कागदावर पेन्सिलीनं ‘अंदाजे २०० किलो’ लिहिणाऱ्याला आपण अंदाज केलाय हे ठाऊक असतं. स्क्रीनवर दशांश चिन्हापुढं तीन आकडे दिसले की अंदाज करणाराच विसरतो की हा अंदाज होता.

एकूण वजन कळूनही भागत नाही, ते कुठं बसलंय हे कळावं लागतं. गुरुत्वमध्य पंखाच्या ठरावीक पट्ट्यातच हवा; फार मागं गेला तर विमान नाक वर करून थबकतं आणि मग सावरत नाही. शेपटीकडं हौसेनं दहा किलो वाढवले, आणि शेपटी मध्यापासून चार मीटर मागं असेल, तर दहा चोक चाळीस. आता नाकाकडं सव्वा मीटरवर तोल साधायचा तर ३२ किलो घाला. दहाच्या हौसेपायी बेचाळीस किलो वाढले. हा हिशेब सातवीतल्या तरफेचा आहे. तराजू पाहिलेल्या माझ्या आजीला तो न शिकता कळला असता.

यावर एक शहाणा म्हणाला, अहो, सॉफ्टवेअर ताकदसुद्धा तपासतं, लाल-पिवळ्या-निळ्या रंगात दाखवतं. दाखवतं की. निळं दिसलं की सुरक्षित, लाल दिसलं की कमकुवत, आणि सगळं निळं येईपर्यंत बटणं दाबत राहायचं, ही आता नवी पूजा झाली आहे. पण पंखाचं मूळ तुम्ही ‘पक्कं’ धरलंत की सॉफ्टवेअर ते पृथ्वीला वेल्डिंग केल्यासारखं पक्कं धरतं. खऱ्या विमानात तिथं चार बोल्ट असतात, बोल्टच्या होलात कणभर ढिलाई असते, होलाच्या कडेला ओरखडा असतो. तो ओरखडा तुम्ही काढला नाहीत, म्हणून तो चित्रात नाही. पंखात आहे.

मग खात्री कशी करायची? जगभर करतात तशी, वजन ठेवून. साध्या विमानाच्या सांगाड्यानं त्याच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसावा अशी सर्वसाधारण वर्गाची अट असते, आणि त्यावर दीडपट राखीव. विमान माणसं-इंधनासह ६०० किलोचं धरा. ६०० गुणिले ३.८ म्हणजे २२८०, त्याची दीडपट ३४२०. आपल्याकडं साखरेचं पोतं ५० किलोचं. विमानाचे पंख उलटे करून पक्के बांधा आणि त्यांवर ६९ पोती रचा, मुळाशी जास्त, टोकाकडं कमी. तीन सेकंद मोडले नाहीत तर बोला. पोत्यांचा जिल्हा आपला, हमाल आपले. सोमेश्वरनगरात या चाचणीला साहित्याची टंचाई आहे असं कोणी म्हणू नये. पण पोती रचलेल्या पंखाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही. फिरतं ते तिरंगावालं चित्र.

हे सगळं मी साधूपणानं सांगत नाही. मीही या चित्राच्या नादी लागून चाळीस ब्रॅकेट भंगारात घातलेत. ट्रॉलीच्या कामाला सहा मिलिमीटरच्या प्लेटचे काटकोनी ब्रॅकेट हवे होते. संगणक नवा, मी नव्या नवरदेवासारखा. दोन्ही बाजूंची बाहेरची मापं मिळवली, तेवढ्या लांबीची सपाट पट्टी काढली, होल टाकले, कापायला दिलं. प्लेट वाकल्यावर बाहेरची मापं किती वाढतात, त्याची वजावट धरायचीच राहिली. होल सुमारे दहा मिलिमीटरनं सरकले. चाळीसच्या चाळीस. हातानं एकेक आखले असते तर पहिला ब्रॅकेट बसला नाही तेव्हाच थांबलो असतो. संगणकानं मला चुकायचा वेग दिला. बायकोनं त्यातले दोन भिंतीला ठोकून कुंड्या टांगल्या, रोज दिसतात.

आणि ती ट्रॉली होती. मोडली असती तर रस्त्याच्या कडेला लावून ऊस दुसरीत भरला असता.

विमानाचा पत्रा तर याहून नखरेल. ताकदीचा कडक अ‍ॅल्युमिनियम पत्रा धारदार काटकोनात वाकवला की बाहेरच्या अंगानं तडकतो, त्याला जाडीप्रमाणं गोलाई द्यावी लागते. स्क्रीनवरचा पत्रा शून्य गोलाईत वाकतो आणि कधीच तडकत नाही. अमेरिकेतली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही घरगुती विमानांचे संच विकणारी नामांकित कंपनी. तिच्या संचांतून बनलेली हजारो विमानं उडताहेत. मागणी वाढली म्हणून तिनं काही भाग लेसरनं कापून घेतले. फाइल तीच, वर्तुळ तेच. पण लेसरनं कापलेल्या होलांच्या काठाला, रिव्हेटचं डोकं बसवण्यासाठी खोलगा पाडताना, तडे जाऊ लागले. ग्राहकांना भाग बदलून देण्याची वेळ आली, इतर आर्थिक ओढाताण होतीच, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागावं लागलं. पन्नास वर्षांच्या अनुभवी माणसांची ही गत. आमचं पोरगं म्हणतं, फाइल तयार आहे, आता फक्त कापायचं राहिलंय.

मोठ्यांचंही ऐका. एअरबसच्या ए-३८० मध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर वायरिंग. हॅम्बुर्गच्या आणि तुलूजच्या अभियंत्यांकडं एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. जोडणीच्या वेळी वायरी आखूड पडल्या. २००६ मध्ये जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान वायरीपायी रखडलं.

आता माझा राग खरा कुणावर आहे ते सांगतो. पोरावर नाही. पोरगं निदान रात्री जागून काहीतरी काढतंय. राग आपल्यावर आहे, कारण चित्र पाहून विमान मानायची खोड आपल्याला या लॅपटॉपच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

वैमानिक शास्त्र नावाचं पुस्तक घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला तो मजकूर. १९२३ मध्ये बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समननं त्यांच्या सांगण्यावरून विमानांची चित्रं काढली. माझ्याच धंद्याचा माणूस! त्याला सांगितलं ते त्यानं इमानानं काढलं, जसं सॉफ्टवेअर काढतं. रेषा सुबक, भागांना नावं, आतले कप्पे वगैरे. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी ते तपासलं आणि सांगितलं की यातलं एकही विमान उडण्याच्या लायकीचं नाही, आणि मजकूरही प्राचीन नाही. विषय तिथं मिटायला हवा होता. पण २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा तर आपण आजही छातीठोकपणे सांगतो. तळपदे खटपटी माणूस होते, त्यांच्या खटपटीबद्दल मला आदर आहे. पण त्या विमानाचं वजन, इंजिनाची ताकद, उड्डाणाची नोंद विचारली की सांगणारा मी देशद्रोही असल्यासारखा माझ्याकडं बघतो.

दुसरी खोड याच्या उलट आणि जास्त जीवघेणी. संगणक, पुस्तक, इंजिनिअर काही नको. आपला आठवी शिकलेला गडी जुगाड करून दाखवेल! यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या २४ वर्षांच्या वेल्डरनं मारुती गाडीचं इंजिन लावून हेलिकॉप्टर बांधलं. व्हिडिओ बघून शिकला, हात विलक्षण. लोकांनी त्याला सिनेमातला रॅंचो म्हटलं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना मागचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं आणि तो पंखा त्याच्या डोक्यात बसला. मेल्यावर वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिलं. मी ते वाचताना एकच शोधत होतो: त्या पात्याच्या मुळाशी किती ओढ येते, हे त्याला कुणी एका कागदावर काढून दाखवलं होतं का? पात्याचं वजन, त्याची लांबी, फेरे. गुणाकार आहे तो. जिल्ह्यात पॉलिटेक्निक असतात, मास्तर असतात. त्याला शाबासकी द्यायला माणसं होती, ड्रॉइंग तपासायला नव्हती. हात होता पण आकडा नव्हता. आमच्या पोराकडं चित्र आहे, आकडा त्याच्याकडंही नाही.

आपल्या मराठी मुलखात हे काम शेवटाला नेणारा माणूसही आहे, हे न सांगणं अन्याय होईल. अमोल यादव, मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशानं वैमानिक. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. ते सुटं करून क्रेननं खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. या माणसाच्या चिकाटीला माझा दंडवत. पण मधली एक तारीख बघा. फेब्रुवारी २०१८, मॅग्नेटिक महाराष्ट्र. राज्य सरकारनं त्यांच्या कंपनीशी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, पालघरला जमीन द्यायचं ठरलं. तोवर विमान एक फूटही उडालेलं नव्हतं! सहा आसनी उडायचं होतं, तेव्हा आपण एकोणीस आसनींच्या कारखान्याचे फोटो काढत होतो. यादवांना खरी गरज होती ती चाचणीला धावपट्टीची, तपासणाऱ्या अभियंत्याची, वेळेत मिळणाऱ्या कागदाची. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं उंबरे झिजवावे लागले. आमच्याकडंही हेच. साखर कारखान्यात मोळी टाकायला पुढारी दरसाल येतात, फोटो छापून येतात. त्याआधी ऑफ सीझनला मिलचे रोलर उतरवून ग्रीसमध्ये बरबटलेले फिटर कुठल्या फोटोत दिसलेत?

आमच्या बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. त्यांची छोटी विमानं दिवसभर उसावरून घिरट्या घालतात, आता पोरंसोरं मान वर करत नाहीत. ती कारखान्यात तपासून बनलेली, तासातासाची नोंद असलेली विमानं. तरीही जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात त्यातलं एक कोसळलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन पडली, एक कटफळजवळ, एक गोजुबावीत. रानात पडलेलं विमान ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते लोक लॅपटॉपवरच्या विमानाला इतक्या सहज फेटा कसा बांधतात?

मी संगणकाविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. टी-स्क्वेअरच्या आठवणीनं उमाळे येणाऱ्यांतला मी नाही. त्या बोर्डावर कंबर मोडली माझी. विमान बांधणाऱ्याला हे साधन म्हणजे वरदान आहे, कामाला लावलं तर. शेकडो रिव्हेटांचे होल दोन पत्र्यांत एकमेकांवर येतात की नाही ते आधी कळतं. होल पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुपटीइतकं आत आहे का, ते एका नजरेत तपासता येतं. कंट्रोलची केबल इंधनाच्या टाकीला घासते का, दिसतं. कॉकपिटमध्ये माणसाचा पुतळा बसवून हात कुठवर पोचतो तेही बघता येतं. १९९७ मध्ये जॉन डेन्व्हर हा अमेरिकी गायक घरगुती बांधणीच्या विमानात कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पडून गेला. त्या विमानाचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या मूळ नकाशात इंधनाची टाकी बदलायची कळ पुढं होती. बांधणाऱ्यानं ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागं नेली. ती फिरवायला अंग वळवावं लागे, आणि वळताना पाय पॅडलवर दाबला जाई. चौकशीत हेच पुढं आलं. रुटान यांचा मूळ नकाशा हातानं काढलेला होता आणि बरोबर होता. बदल करणाऱ्यानं खुर्चीत बसून एकदा हात मागं नेऊन बघायला हवा होता.

आणि हे सगळं फुकटात होतं. फ्रीकॅड फुकट, नासाचं ओपनव्हीएसपी फुकट, पंखाचा हिशेब करायचं एक्सएफएलआर५ फुकट. चोरीच्या सॉफ्टवेअरची सीडी विकत घ्यायचे दिवस गेले. मग तालुक्या-तालुक्यांत तीन महिन्यांचा ‘कॅड कोर्स’ हजारो रुपयांना कसला विकतात? बटणांचा. एक्सट्रूड कुठं, फिलेट कुठं, चकाकी कशी आणायची. पोरगं कोर्स करून बाहेर पडतं, पण टॉलरन्स म्हणजे काय विचारलं तर ‘ते मशीनवाले बघतात’ म्हणतं. मशीनवाला मी आहे, आणि मी ड्रॉइंगमध्ये असेल तेच बघतो. माझ्याकडं गेल्या वर्षी आलेल्या फाइलींत निम्म्यांवर माप होतं पण सूट किती ते नव्हतं. शिकवणाऱ्यांनी कधी हातात व्हर्नियर दिलाच नसेल तर पोराला कुठून कळणार? इथं अभियांत्रिकीचं शिक्षण हाकेच्या अंतरावर आहे, बारामती एमआयडीसीत टूलरूमची माणसं आहेत, साखर कारखान्यातले निवृत्त फिटर पारावर बसून बिडी ओढताहेत. विमान राहू दे, यांना आणि पोरांना एका टेबलाशी कुणी बसवलंय? सत्कार समितीत मात्र जागा शिल्लक नाही.

त्या पोराला मी पळवून लावलं असं गावात सांगतात. तो आठ दिवसांनी एकटाच वर्कशॉपला आला. प्रत्येक भागाला साहित्य लावून आणलं होतं, पत्र्याच्या वाकणाला गोलाई दिली होती. शेपटीवरचा तिरंगा तसाच होता, त्याला माझी हरकत नाही. मी चष्मा लावून यादी वाचली.

वजन ५९० किलो झालंय. इंजिन अजून धरलेलं नाही.